चेहऱ्याचा साचा घ्यायचं साहित्य : सांगली-मिरजेत काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं

कलाविद्यालयात मुखवट्यांचा प्रकल्प लागला की साहित्याची चिठ्ठी फिरते आणि तिच्यात बहुधा एकच ओळ असते : पीओपी, १० किलो. चेहऱ्यावरून साचा घ्यायचा असेल तर ही चिठ्ठी अपुरी आहे आणि धोक्याचीही आहे. पोत्यातलं सुटं पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, ही चेहऱ्याला लावायची वस्तूच नाही. ते तयार साच्यात ओतायचं असतं. साचा घ्यायला वेगळं साहित्य लागतं आणि ते आपल्याकडे सहज मिळतं. हा आढावा त्याच साहित्याचा आहे : दातांच्या डॉक्टरांकडचं अल्जिनेट, हाडांच्या दवाखान्यातली प्लास्टरची पट्टी, ओतायचं पीओपी, डेंटल स्टोन (दातांच्या साच्यात ओतायचं कठीण प्लास्टर), आणि विद्यार्थी हमखास घेऊन येतात पण आणू नये असं रबर.

आधी पीओपीबद्दल, कारण सगळ्यात मोठा अपघात तिथेच होतो. खाणीतलं जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की पीओपी होतं. ते पाण्यात पडलं की पाणी परत शोषून घेतं, पुन्हा जिप्सम बनतं आणि भाजताना आत घातलेली उष्णता बाहेर टाकतं. पातळ थर असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. जाड गोळा असेल तर ती आतच कोंडते आणि तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. त्याच वेळी माल दगडासारखा आवळलेला असतो, त्यामुळे चटका बसायला लागला तरी अवयव बाहेर काढता येत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका शाळेत १६ वर्षांच्या मुलीने हातांचा साचा घ्यायला पीओपीच्या बादलीत हात घातले. तिची बहुतेक बोटं गेली. शाळेला कोर्टात दंड झाला. ती घटना पीओपी खराब असल्यामुळे घडली नव्हती. चांगलं, ताजं पीओपी असंच वागतं. म्हणून वर्गात एकच नियम भिंतीवर लावावा : ओला सुटा पीओपी अंगाला नाही. हात नाही, पाय नाही, चेहरा तर नाहीच नाही.

आता बाजार. सांगली-मिरज हा दवाखान्यांचा पट्टा आहे, त्याचा इथल्या कलाविद्यार्थ्यांनी पुरेपूर फायदा घ्यावा. वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे. विद्यार्थी दंतवैद्य जे साहित्य रोज वापरतात ते विकणारी दुकानंही त्यामुळे जवळपास आहेत. साताऱ्याकडच्यांना कराड सोयीचं. प्लास्टरच्या पट्ट्या मिरजेत कुठल्याही सर्जिकल दुकानात मिळतात. स्टेशनरीच्या किंवा हस्तकलेच्या दुकानात ‘मास्क मेकिंग किट’ म्हणून जे खोकं मिळतं ते घेऊ नका. त्यात तीच पट्टी अर्ध्या मापाची असते, उत्पादनाची तारीख बहुधा नसते आणि सूचना चार ओळींच्या असतात.

अल्जिनेट हे समुद्री शेवाळापासून काढलेलं चूर्ण. पाण्यात कालवलं की दोन-चार मिनिटांत लवचिक रबरासारखं होतं. दातांची मापं घेण्यासाठी ते तोंडात घालतात, म्हणजे त्वचेवर आणि ओठांवर चालण्याची कसोटी त्याने आधीच पार केलेली असते. व्हॅसलिन लावलेल्या केसांना ते चिकटत नाही, तापत नाही, आणि त्वचेची रंध्रं, ओठांवरच्या रेघा, भुवईचा एकेक केस उचलतं. व्यक्तीचा चेहरा जसाच्या तसा हवा असेल, म्हणजे व्यक्तिशिल्पाच्या अभ्यासासाठी किंवा त्या माणसाच्या मापाचा मुखवटा बनवायचा असेल, तर याला पर्याय शोधू नये.

दुकानात पाकीट साधारण ४५० ग्रॅमचं मिळतं. डीपीआयचं अल्जिटेक्स, डेंटस्प्लायचं झेलगन ही आपल्याकडची नेहमीची नावं. झेरमॅक या इटालियन कंपनीचं ट्रॉपिकालजिन हे खास उष्ण हवामानासाठी बनवलेलं आहे आणि ते रंग बदलतं : कालवताना एक रंग, लावायच्या वेळी दुसरा, सेट झाल्यावर तिसरा. नवशिक्यांच्या वर्गाला हा रंगबदल फार उपयोगी पडतो. घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही आणि ‘अजून ओलं आहे का’ म्हणून कुणी चेहऱ्यावर बोट रुतवत नाही. बजेट असेल तर रंग बदलणारं घ्या. नसेल तर देशी पाकीट तपशिलात कमी पडत नाही, फक्त वेळेवर लक्ष ठेवायला एक माणूस जास्त लागतो. नाव कुठलंही असो, पाकिटावर ‘फास्ट सेट’ लिहिलेलं असेल तर ते परत द्या. ते एक-दोन मिनिटांत आवळतं. दातांच्या ट्रेसाठी तेवढा वेळ पुरतो, अख्ख्या चेहऱ्याला पुरत नाही. ‘रेग्युलर’ किंवा ‘नॉर्मल सेट’ मागून घ्यायचं.

प्रमाण पाकिटावर दिलेलं असतंच. सर्वसाधारण हिशेब १६ ग्रॅम चूर्णाला ४० मिली पाणी असा बसतो. कपाळापासून हनुवटीखालपर्यंत, कानाच्या पुढे, एवढ्या एका चेहऱ्याला एक अख्खं पाकीट आणि सव्वाअकराशे मिली पाणी धरा. चूर्ण वजनावर घ्या. पाकिटातल्या चमच्याने २५-३० वेळा मोजताना गणती चुकते, आणि चमचा दाबून भरला की वजन वाढतं. पाकीट उघडण्याआधी दोन-तीनदा उलटसुलट करून चूर्ण मोकळं करावं, मग धूळ खाली बसेपर्यंत मिनिटभर थांबावं. या चूर्णात भराव म्हणून सिलिकायुक्त माती असते, ती नाकातोंडात जाऊ नये. कालवणाऱ्याने एन-९५ मास्क लावायचा, पंखा बंद ठेवायचा. भांड्यात पाणी आधी, चूर्ण नंतर. मऊ प्लास्टिकचं तीन लिटरचं टोपलं घ्या आणि हाताने, बोटं पसरून, भांड्याच्या भिंतीवर घासत ४५ सेकंद जोरात कालवा. गुठळी राहिली तर ती नेमकी डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि ओतलेल्या चेहऱ्यावर तिथे फोड आल्यासारखा दिसतो. कालवलेला माल इडलीच्या पिठाइतका दाट हवा. त्याहून पातळ झाला तर मानेवरून कॉलरमध्ये उतरतो.

खरी मेख पाण्यात आहे. अल्जिनेटचा सेट होण्याचा वेळ पाण्याच्या तापमानावर ठरतो. दर १० अंशांमागे साधारण एक मिनिटाचा फरक पडतो. पाकिटावरचा वेळ २० ते २३ अंशांच्या पाण्यासाठी लिहिलेला असतो आणि एप्रिलच्या दुपारी सांगलीत गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी त्याच्या किती तरी पुढे असतं. त्या पाण्यात कालवलेलं अल्जिनेट भांड्यातच आवळायला लागतं, अर्धं कपाळावर लागतं, अर्धं टोपल्यात राहतं, आणि दोष पाकिटाला दिला जातो. माठातलं पाणी वापरा, तेच बरोबर पडतं. बर्फाचं पाणी नको : वेळ वाढतो खरा, पण बसणारा गारठतो, चेहरा आखडतो आणि साच्यात तो आखडलेपणा उमटतो. दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. जड पाण्यातलं कॅल्शियम अल्जिनेटला लवकर आवळायला लावतं. फिल्टरचं पाणी घेऊन माठात थंड करावं. वेळ वाढवण्यासाठी वरून काहीही मिसळू नये. बाजारात सुचवले जाणारे क्षार डोळ्यांना आणि त्वचेला त्रासदायक असतात.

माल दोन हप्त्यांत कालवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण सेट झालेल्या अल्जिनेटवर ताजं अल्जिनेट चिकटत नाही. दोन हप्त्यांच्या सांध्यावर साचा सोलून निघतो. एकाने कालवायचं आणि दोघांनी डावी-उजवी बाजू वाटून घेऊन लावायचं, हे जास्त खात्रीचं.

प्लास्टरची पट्टी हा दुसरा माल. जाळीदार कापडावर पीओपी बसवलेलं असतं. जिप्सोना हे नाव दुकानदार पटकन ओळखतात. रुंदी १० सेंटिमीटरची घ्या, लांबी २.७ मीटर असते. १५ सेंटिमीटरची रुंद पट्टी चेहऱ्याच्या वळणांवर बसत नाही. अल्जिनेटवर कवच म्हणून पट्टी लागतेच, कारण नुसतं अल्जिनेट चेहऱ्यावरून काढलं की लोळागोळा होतं. पण ती एकटीही चालते. व्हॅसलिन लावलेल्या चेहऱ्यावर सरळ पट्टी लावून घेतलेला साचा ढोबळ येतो. रंध्रं, बारीक सुरकुत्या त्यात येत नाहीत. मुखवटा रंगवायचाच असेल, त्यावर कागद चढवायचा असेल, तर एवढा तपशील पुरेसा आहे. शाळकरी मुलांच्या कार्यशाळेत तर आम्ही पट्टीचीच शिफारस करू, डोळे आणि तोंड उघडं ठेवून. खर्च बराच कमी होतो, कारण अल्जिनेटच्या पद्धतीत पाकिटाच्या खर्चावर पुन्हा पट्ट्या लागतातच.

सुटं पीओपी नको म्हणता आणि पट्टीतलं चालतं, हे कसं, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि विचारायलाच हवा. फरक जाडीचा आहे. तीन पदरी पट्टीत पीओपी इतकं थोडं असतं की चेहऱ्याला फक्त ऊब लागते. पण पदर वाढवले, पाणी गरम घेतलं, वरून टॉवेल झाकला, तर तीच पट्टीही भाजते. हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरखाली भाजल्याची कारणं हीच असतात. म्हणून पाणी २० ते २४ अंश, पदर तीन, फक्त कडेला चार, आणि वर काहीही झाकायचं नाही. ‘लवकर वाळू दे’ म्हणून हेअर ड्रायर लावणं म्हणजे चटका मागून घेणं.

विकत घेताना पट्टीचं पाकीट हातात दाबून बघा. आत गुंडाळी मऊ लागली पाहिजे. कडक खडे लागले तर दमट हवेने तिचं काम आधीच झालेलं आहे. ती पाण्यात भिजवली तरी पीओपीची साय धरत नाही, नुसतं ओलं कापड राहतं, आणि पाऊण तास बसूनही कवच बोटाने दबतं. पावसाळ्यात, त्यातही महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, ही तक्रार जास्त. उघडलेली गुंडाळी त्याच दिवशी संपवावी.

साहित्य कितीही चांगलं असलं तरी बसणारा माणूस नीट निवडला नाही तर सगळं वाया. सर्दी झालेल्याला, नाक चोंदलेल्याला बसवायचं नाही. त्या दिवशी नाही म्हणजे नाही. दमा, फिट येण्याचा त्रास, बंद जागेची भीती, चेहऱ्यावर उघडी पुळी किंवा इसब, नुकतंच झालेलं डोळ्यांचं ऑपरेशन असेल तर त्याने साचा घेणाऱ्याच्या गटात काम करावं. हे सगळ्यांसमोर विचारू नये, एकेकाला बाजूला घेऊन विचारावं. भरल्या वर्गात कुणी ‘मला भीती वाटते’ म्हणत नाही. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला अल्जिनेट किंवा ओल्या पट्टीचा तुकडा आणि व्हॅसलिन लावून बघा, दुसऱ्या दिवशी लाली-खाज नसेल तरच पुढे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि त्या पत्रात काय लावणार, किती वेळ, कोण हजर असणार हे स्पष्ट लिहावं. कॉन्टॅक्ट लेन्स, चमकी, कानातलं, चिकटवलेल्या पापण्या आधीच काढून ठेवायच्या.

एका बसणाऱ्यामागे तीन माणसं : दोघं लावणारे, तिसरा फक्त त्याच्याजवळ बसून बोलणारा. हा तिसरा बहुतेक वर्गांत कामचुकार समजला जातो आणि सगळ्यात आधी त्यालाच पाणी आणायला पिटाळतात. तो जागचा हलता कामा नये. डोळे-तोंड बंद असलेल्या माणसाला कुणीतरी सतत सांगत राहायला हवं : आता कपाळावर गार लागेल, आता डोळ्यांवर येतो आहे, अजून चार मिनिटं. त्याचा हात हातात धरायचा. एकदा दाबलं तर ठीक आहे, दोनदा दाबलं तर ताबडतोब काढा. ताबडतोब म्हणजे साचा कुठल्याही अवस्थेत असला तरी, ‘एक मिनिट थांब, होतच आलंय’ न म्हणता. सुरू करण्याआधी डोळे मिटून, तोंड बंद करून पाच मिनिटं नुसत्या नाकाने श्वास घ्यायला लावा. ज्याला ही पाच मिनिटं जड जातात त्याला बसवू नका.

खुर्ची थोडी मागे रेललेली हवी. टेबलावर पूर्ण झोपवलं की गाल कानांकडे ओघळतात आणि साच्यातला चेहरा दुसऱ्याचाच वाटतो. केसांना घट्ट टोपी, टोपीची कड कपाळाला चिकटपट्टीने बंद. व्हॅसलिन भुवया, पापण्यांचे केस, मिशी, दाढी आणि केसांच्या कडेला भरपूर, बाकी चेहऱ्यावर पुसट. अल्जिनेटच्या पद्धतीत फक्त केसांपुरतं लावलं तरी चालतं; पट्टीच्या पद्धतीत सगळा चेहरा झाकला गेला पाहिजे. खोबरेल तेल त्वचेत मुरतं, त्याच्यावर भिस्त ठेवू नये. दाट दाढीवाल्याच्या दाढीवर व्हॅसलिनवरून पातळ प्लास्टिक फिल्म बसवावी.

नाकपुड्यांत स्ट्रॉ घालायची पद्धत अजून सांगितली जाते. ती सोडून द्या. स्ट्रॉमुळे नाकपुडी ताणली जाते, साच्यातलं नाक बिघडतं, आणि कुणाचा हात लागला तर स्ट्रॉ आत जाऊन जखम होते. नाकपुड्या उघड्या ठेवायच्या, माल त्यांच्या कडेपर्यंतच आणायचा. नाकाचं काम सगळ्यात शेवटी आणि एकाच माणसाने करायचं, बोटाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने. चुकून थेंब आत ओघळला तर बसणाऱ्याने नाकातून जोरात श्वास बाहेर सोडायचा. हे त्याला आधी करून दाखवायला लावा. आत ओढलं तर तोच थेंब चोंदतो. ओतल्यानंतर नाकपुडीची खळी पोखरून काढणं अर्ध्या तासाचं काम आहे, त्यासाठी श्वासाची जागा आवळण्यात काही अर्थ नाही.

अल्जिनेट कपाळावरून खाली सोडत यावं, हाताने दाबत दाबत, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. डोळ्यांचे कोपरे, नाकाच्या बाजूची घडी, ओठांची फट या तीन जागी बोटाने हलकं घोळवून घ्या. बुडबुडे तिथेच अडकतात. जाडी सगळीकडे एक सेंटिमीटरच्या आसपास. वरचा पृष्ठभाग चिकट असतानाच त्यावर कापसाचे विरळ पुंजके टेकवा. अल्जिनेट प्लास्टरला धरत नाही. कापूस एका बाजूने अल्जिनेटमध्ये रुततो आणि दुसऱ्या बाजूने पट्टीला पकड देतो. ही पायरी गाळली की कवच एका हातात आणि लोंबणारं अल्जिनेट दुसऱ्या हातात येतं. पट्ट्या १५ सेंटिमीटर लांब कापून आधीच तयार ठेवा, नाकाजवळच्या दोन सेंटिमीटर रुंद. चेहऱ्याला अडीच-तीन गुंडाळ्या लागतात. भिजवलेली पट्टी दोन बोटांतून निथळवून लावायची आणि बोट फिरवून साय पसरवायची, जाळी दिसेनाशी होईपर्यंत. आठ-दहा मिनिटांत टिचकी मारली की टणक आवाज येतो. सगळं मिळून चेहरा २० मिनिटांपेक्षा जास्त झाकलेला राहू नये.

काढताना ओढायचं नाही. बसणाऱ्याने पुढे वाकायचं, दोन्ही हातांनी साचा स्वतःच धरायचा आणि आतल्या आत गाल फुगवायचे, भुवया उडवायच्या, हनुवटी हलवायची. कडेने हवा शिरली की साचा आपोआप हातात येतो. डोळ्यात काही गेलं तर चोळू न देता वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. हे सगळं काम बेसिन असलेल्या खोलीतच करण्याचं कारण हेच.

इथून पुढे माणसाची सुटका झालेली असते, पण घाई संपत नाही. अल्जिनेटमधलं पाणी उडायला लागलं की ते आकसतं. साचा उन्हात ठेवला तर ओठ पातळ आणि नाक अरुंद येतं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि तासाभराच्या आत ओता. नाकपुड्यांची भोकं बाहेरून शाडूच्या मातीने बुजवा. साचा पालथ्या कवचावर डुगडुगतो, तेव्हा वाळूने भरलेल्या घमेल्यात किंवा गोधडीच्या खळग्यात टेकवा, नाहीतर स्वतःच्या वजनाने फाकतो.

ओतायला पीओपी गणपतीच्या कारखान्याला पुरवणाऱ्याकडून घ्यावं. फॉल सिलिंगसाठी येणारं पोतं स्वस्त असतं, पण ते भरड असतं आणि सेट व्हायला रेंगाळतं. एका लिटर पाण्याला सुमारे १४०० ग्रॅम. पाणी आधी, त्यावर पीओपी हाताने भुरभुरत राहायचं. पाण्यावर कोरडी बेटं दिसू लागली की थांबायचं, दोन मिनिटं मुरू द्यायचं, मगच सावकाश ढवळायचं. धसमुसळेपणाने ढवळलं की हवा शिरते. पहिला थर ब्रशने, पातळ, नाकाच्या शेंड्यात आणि ओठांत नीट पोचवून. मग दुसरा जाडसर थर, त्यात काथ्या. गणपतीवाले वापरतात तोच काथ्या, मोकळा पिंजून, पीओपीत बुडवून बसवायचा. दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचा पोकळ चेहरा पुरेसा मजबूत होतो. साचा काठोकाठ भरला तर वजन वाढतं, आत उष्णता कोंडते आणि माल उगाच जातो.

डेंटल स्टोन मात्र जरूर घ्या. तोही जिप्समचाच, पण १०० ग्रॅमला जेमतेम ३० मिली पाणी लागतं, त्यामुळे वाळल्यावर कितीतरी कठीण होतो. पहिल्या थराला ३०० ग्रॅम स्टोन आणि ९० मिली पाणी वापरलं तर नाकाचा शेंडा आणि कानशिलाची कड साचा सोलताना तुटत नाही. पुढे त्याच चेहऱ्यावर अनेक कागदी मुखवटे काढायचे असतील तर साधं पीओपी लवकर झिजतं, स्टोन टिकतो. त्याच दुकानात अल्जिनेटशेजारी मिळतो. एवढा उपयोगी माल कलाविद्यार्थ्यांच्या यादीत क्वचितच असतो, याचं वाईट वाटतं.

पट्टीच्या साच्यात ओतायचं असेल तर आत मऊ साबणाच्या पाण्याचे तीन हात द्या, प्रत्येक हात पुसून वाळवून. नाहीतर प्लास्टर प्लास्टरला धरतं आणि दोन्ही फोडावं लागतं.

रंगमंचासाठी मुखवटा हवा असेल तर प्लास्टर डोक्याला बांधून नटाला उभं करू नये. तयार चेहऱ्यावर साबण किंवा फिल्म लावून कागद चढवावा : वर्तमानपत्राच्या फाडलेल्या (कापलेल्या नव्हे, फाडलेली कड सपाट बसते) पट्ट्या, चिंचोक्याची खळ, पाच-सहा थर, मधला एक थर वेगळ्या रंगाच्या कागदाचा म्हणजे कुठे सुटलं ते दिसतं. खळीत किडीसाठी मोरचूद घालायची जुनी सवय आहे. भिंतीवरच्या मुखवट्याला ती चालेल, पण तोंडावर बांधायच्या मुखवट्यात मोरचूद नको, ते विषारी आहे. त्याऐवजी पूर्ण वाळवून आतून-बाहेरून पाण्यावर चालणारं वॉर्निश द्यावं. ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या एकांकिकांसाठी करायचे असतील तर ऑक्टोबरचं ऊन गाठा. त्या उन्हात कागद आतपर्यंत वाळतो, श्रावणात तो बुरशी धरतो.

राहिलं रबर. गणपतीच्या साच्यांसाठी आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे खोलीच्या तापमानालाच आवळणारं रबर, वापरतात. विद्यार्थी ते कारखान्यात बघतात, बारीक तपशील बघून भारावतात आणि चेहऱ्यावर लावायला निघतात. ते त्वचेसाठी नाही. सोबतच्या छोट्या बाटलीतला हार्डनर बहुधा कथिलाच्या संयुगाचा असतो, त्वचेला आणि डोळ्यांना घातक. त्वचेवर चालणारं प्लॅटिनम सिलिकॉन वेगळं, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते बाहेरून मागवावं लागतं आणि वर्गाच्या बजेटच्या बाहेर जातं. लॅटेक्समध्ये अमोनिया असतो आणि काहींना लॅटेक्सचीच तीव्र ॲलर्जी असते. दुकानदार ‘काही होत नाही, आमची पोरं हातानेच कालवतात’ म्हणाला तरी डबा तिथेच ठेवून या.

कलाविद्यालयाच्या गटासाठी आमची निवड अशी : पूर्ण चेहरा घ्यायचा तर प्रत्येकी एक पाकीट रेग्युलर अल्जिनेट, १० सेंटिमीटर रुंद पट्टीच्या तीन गुंडाळ्या, अर्धा किलो डेंटल स्टोन, दीड किलो पीओपी, कापसाची एक गुंडाळी. पैसे कमी असतील तर अल्जिनेट सगळ्यांना देण्याऐवजी चार जणांच्या गटात एकाचाच चेहरा घ्या आणि त्याच स्टोनच्या चेहऱ्यावरून बाकीच्यांनी कागदी मुखवटे काढा. कमी मालात चार चेहरे उरकण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

आणि बेसिन. पीओपीचे हात थेट नळाखाली धुतले की ते पाइपात जाऊन सेट होतं. अल्जिनेटचे तुकडेही वाकणात अडकतात. दोन बादल्या ठेवा, हात आणि भांडी पहिलीत धुवा, दुसरीत विसळा. रात्रभर गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता, गाळ घट्ट झाला की बादली उलटी करून कोरड्या कचऱ्यात द्या. नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तो घाटावर नेऊन टाकू नये. पीओपी पाण्यात विरघळून जात नाही, ते तळाशी बसून राहतं.